रिकाम्या हातांनी लेकीकडे

लेकीच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हे मला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. माझी आई सोलापूरहून माझ्याकडे बंगलोरला यायची तेव्हा दोन्ही हातांत पिशव्या आणि खांद्याला तिसरी असायची. शेंगदाण्याची चटणी, कडक भाकऱ्या, ज्वारीचं पीठ. इथे काही मिळत नाही अशी तिची ठाम समजूत होती आणि ती मीही कधी मोडली नाही. गाडीतून आधी पिशव्या उतरायच्या, मग आई उतरायची. असं सगळं बघत आलेली मी, माझी मुलगी व्हाइटफील्डला वेगळी राहायला गेल्यावर काय हात हलवत जाणार होते?

मुलगी एकुलती एक. आयटीत आहे, तिशी ओलांडलीय, लग्नाचा विषय काढलेला तिला आवडत नाही, म्हणून मी तो महिन्यातून एकदाच काढते. आम्ही दोघं शहराच्या जुन्या भागात राहतो. ह्यांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात गेली आणि निवृत्तीनंतर घरही त्याच बाजूला घेतलं. तिथून तिचं ऑफिस म्हणजे रोज निम्मा दिवस रस्त्यात. म्हणून तिने ऑफिसजवळ भाड्याने फ्लॅट घेतला. "आई, एकाच गावात तर आहे मी," असं म्हणाली. कसलं एक गाव! इथे या टोकाहून त्या टोकाला जाईपर्यंत केलेला स्वयंपाक गार होतो. ती गेली त्या दिवशी मी सवयीने तिच्या वाटणीचा भात लावला आणि तो दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन आम्ही दोघांनी मुकाट्याने खाल्ला.

मग माझे रविवार सुरू झाले. शनिवारी लाडू वळायचे, भाजणी दळून आणायची, चटणी कुटायची आणि रविवारी सकाळी मेट्रोने व्हाइटफील्ड. आमचे हे दारात उभे राहून पिशव्यांकडे बघायचे आणि म्हणायचे, "अगं, लेक आयटीत आहे, दुष्काळात नाही." मी म्हणायची, तुम्हाला काय कळतंय, तुमच्या ताटात आयतं पडतंय ना? त्यावर ते हसायचे आणि एक लाडू काढून घ्यायचे. त्यांचा वाटा मी वरच्या डब्यातच ठेवलेला असायचा, हे त्यांनाही माहीत होतं.

एक सांगून ठेवते. मी काही टाकणारी बाई नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या आमटीत, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाची थालीपिठं, हे सगळं माझ्या घरी होतं. जुन्या साड्यांच्या पिशव्या मी स्वतः शिवते. दुकानदार प्लास्टिकची पिशवी पुढे करायला लागला की मी आधीच "बेडा, बेडा" म्हणते, म्हणजे नको रे बाबा. दुधाच्या पिशव्या कोपरा कापून धुते आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून वाळवते. त्याच पिशव्यांत लाडू भरायचे, तोंड दुमडायचं, वर जुन्या परकराच्या नाडीचा तुकडा घट्ट बांधायचा आणि ती पिशवी डब्यात ठेवायची. काय बिशाद आहे मुंगी शिरायची! मुलगी हे बघून म्हणायची, "आई, तू तर झीरो वेस्ट आहेस." मी विचारलं, ते काय असतं? तर म्हणाली, काही नाही, तू जशी आहेस तसं. मला फार बरं वाटलं होतं.

रविवारी गेल्यावर ती दार उघडायची, कानात ते फोनचं बोंड, समोर लॅपटॉप. रविवारसुद्धा. "यस, शुअर. हो, करते. नो प्रॉब्लेम, आज रात्री पाठवते." माझ्याकडे बघून हाताने 'बस' असं करायची. मी स्वयंपाकघरात जाऊन पिशव्या रिकाम्या करायची. फोन संपला की ती यायची, मला मिठी मारायची आणि म्हणायची, "वा, डिंकाचे? मस्त!" पुढच्या रविवारी विचारलं की म्हणायची, "छान झाले होते आई. संपले." डबे घासून, पुसून तयार ठेवलेले असायचे. इतके स्वच्छ, इतके वेळेवर, की मला उगीचच चुकल्यासारखं वाटायचं. कशात काय चुकतंय ते काही सापडत नव्हतं.

खरं तर मला तिची लहानपणची आठवण यायची. काय हट्टी पोर होती! उपमा दिसला की दोन्ही हात तोंडावर. "नको म्हणजे नको!" मी रागवायची, हे मध्ये पडायचे, शेवटी ती ताटावरून उठून गॅलरीत जाऊन बसायची आणि मीच मग पोळीचा गूळतूप लावून रोल करून तिच्या हातात द्यायची. तेव्हा वाटायचं, कधी सुधारणार ही? आता ती सुधारली होती. दिलेलं सगळं घेत होती, सगळ्याला छान म्हणत होती. आणि मी रविवारी संध्याकाळी मेट्रोत रिकाम्या पिशव्या घडी घालून मांडीवर घेऊन बसायची आणि मला तिची आठवण यायची. आत्ता तिला भेटून आले आणि तरीही तिचीच आठवण येत होती. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं आपलं काहीतरीच."

मग तो दिवस आला. मधलाच वार होता. तिच्याकडचं पाण्याचं फिल्टर बिघडलं होतं, दुरुस्तीवाला दुपारी येणार होता आणि तिला ऑफिसात काहीतरी महत्त्वाचं होतं. "आई, स्वल्प येशील का?" म्हणजे जरा येशील का, असं तिने फोनवर विचारलं. आमच्या घरात मराठीत कन्नड अशी मिसळलेली आहे, त्याचं आम्हाला काही वाटत नाही. मला तर आनंदच झाला. तिने आपणहून बोलावलं होतं. जाताना घाईत फक्त मेतकूट घेता आलं, तेवढं घेतलं.

दुरुस्तीवाला यायच्या आधी बेल वाजली. दारात त्यांच्या सोसायटीची सफाईवाली बाई उभी, हातात कचऱ्याची बादली. या नव्या सोसायट्यांत कचऱ्याचे कडक नियम असतात. ओला वेगळा, सुका वेगळा, आणि मिसळला तर परत दारात आणून देतात. ती म्हणाली, "अम्मा, इदु बेडा. मिक्स आगिदे. प्लास्टिक बेरे हाकी." हे नको, मिसळलंय, प्लास्टिक वेगळं टाका. मी म्हटलं, सरी सरी, म्हणजे बरं बरं, आणि बादली आत घेतली. मनात म्हटलं, कामाच्या रगाड्यात पोरीला कुठे वेळ, मीच वेगळं करते.

झाकण उघडलं. वर कॉफीचा चोथा होता, संत्र्याच्या साली होत्या. त्याखाली दुधाची पिशवी. तोंड दुमडलेलं आणि वर परकराच्या नाडीची माझी गाठ.

गाठ तशीच होती. सोडलेलीसुद्धा नव्हती. आत डिंकाचे लाडू, जसे वळले तसे. त्याखाली दुसरी पिशवी, भाजणीची. तीही बांधलेली. मी खाली फरशीवर बसले. मग डोकं असं फिरलं म्हणता! मी शनिवारभर उभं राहून डिंक तळते, खारीक कुटते, या वयात, या गुडघ्यांनी, आणि बाईसाहेब न उघडता फेकून देतात? आणि वर सोसायटीच्या कचऱ्यानेही ते घ्यायला नकार द्यावा? कपाळ माझं! दुरुस्तीवाला आला, त्याने काय दुरुस्त केलं देव जाणे, मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

तो गेल्यावर मी गाठी सोडल्या. नियम म्हणजे नियम. लाडू ओल्या कचऱ्यात, पिशव्या धुऊन सुक्यात. एकेक लाडू हातात घेऊन त्या बादलीत ठेवायचा. तुपाचा आणि वेलदोड्याचा वास आला. हाताला सवय अशी की एक लाडू मी नकळत पुसून ओट्यावर ठेवला होता. तोही उचलला आणि टाकला. उभ्या आयुष्यात मी इतकं अन्न एका वेळी टाकलं नव्हतं.

संध्याकाळी ती आली तेव्हा धुतलेल्या दुधाच्या पिशव्या तिच्या टाइल्सवर चिकटवून ठेवलेल्या होत्या. तिने त्या पाहिल्या आणि पर्स खांद्यावरच ठेवून उभी राहिली.

"आई, ते खराब झाले होते गं," ती म्हणाली.

"डिंकाचे लाडू? आठवड्यात? कुणाला शेंड्या लावतेस?"

"आई..."

"छान झाले होते म्हणालीस. संपले म्हणालीस. तोंडावर सांगायचं ना मला! मी काय परकी आहे?"

माझा तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच. आईच्या पिशव्यांपासून सगळं काढलं. ती जमिनीवर माझ्या समोर बसली आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. म्हणाली, "मी एकटी किती खाणार, आई? दुपारी ऑफिसात जेवते, रात्री कधी जेवतेच असं नाही. सुरुवातीला वाटून टाकले. शेजारी दिले, ऑफिसात दिले, वॉचमन अण्णांना दिले. मग लोकही नको म्हणायला लागले. शेवटी टाकायला लागले. आणि उघडून टाकायला जमत नाही गं मला. ती तुझी गाठ सोडली की वास येतो आणि मग तू दिसतेस, ओट्याशी उभी. म्हणून तशीच टाकते, बांधलेली. माहितेय मला, प्लास्टिक ओल्यात टाकायचं नसतं. तेवढंही करवत नाही."

एवढी चिडलेली मी, माझा सगळा राग तिथल्या तिथे ओसरला. मी तिचे डोळे माझ्या पदराने पुसले. ती लहान असल्यासारखी पुसू देत होती.

"मग नको म्हणायचंस ना बाळा."

"तुला? तुझा चेहरा कसा होतो माहितेय का?"

"होऊ दे. माझा चेहरा मी बघून घेईन. आत्ता म्हण. मी विचारते, तू सांग. लाडू?"

ती ओल्या डोळ्यांनी हसली. "नको."

"भाजणी?"

"नको. तुझ्याकडे आले की खाईन."

"मेतकूट? आज आणलंय."

"तेही नको, आई."

"लसणाची चटणी?"

"ती हवी. पण एवढीशी. वाटीभर नको, चमचाभर."

चमचाभर चटणी कुटायची कशी, हे मला आजही कळलेलं नाही, पण मी मान डोलावली. प्रत्येक 'नको'ला आत कुठेतरी टोचत होतं, खोटं कशाला बोलू. तरी मजाही येत होती. कितीतरी दिवसांत आम्ही दोघी अशा फरशीवर बसून बोललो नव्हतो. त्या भरात मी सहज, चेष्टेत, विचारून गेले, "आणि मी?"

मला वाटलं ती हसेल. ती नाही हसली. बोटाने फरशीवरची रेघ गिरवत बसली आणि मग हळूच म्हणाली, "तू ये. पण फोन करून ये. आणि दर रविवारी नको."

मी "सरी" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मीच विचारलं होतं. चहा केला, दोघींनी घेतला, तिने मला मेट्रोपर्यंत सोडलं. गाडीत बसले तेव्हा लक्षात आलं की मेतकुटाची बरणी परत माझ्याच पिशवीत आहे.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. वाटलं, नेहमीसारखी थट्टा करतील आणि मला भांडायला मिळेल. ते म्हणाले, "बरं झालं बोलली," आणि पेपर उचलला. पेपर सकाळचा होता, वाचून झालेला होता. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. मग मला कळलं की त्यांनाही लागलंय.

पुढचे काही रविवार कसे गेले ते मी सांगणार नाही. शनिवार तर त्याहून वाईट. हात शिवशिवायचे. एकदा न राहवून डिंक तळायला घेतला. दोघांपुरते लाडू करायचे म्हणजे किती घ्यायचं तेच कळेना, सगळी प्रमाणं मला डबाभराचीच पाठ. शेवटी मोजके वळले आणि दोघांनी खाल्ले. चांगले झाले होते. "सोडून दे आता," हे म्हणाले. सोडून दे म्हणजे काय सोडू? लाडू सोडता येतात. रविवारी सकाळी ती काय करत असेल, उठली असेल का, चहाबरोबर काही खाल्लं असेल का, हे कुठे सोडून येऊ?

फोन तिनेच केला. "या रविवारी ये ना. काही आणू नकोस."

मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा लेकीकडे मी हात हलवत गेले. फार चमत्कारिक वाटतं हो. मेट्रोत तपासणीच्या पट्ट्यावर ठेवायला काही नाही. बसल्यावर हात कुठे ठेवायचे कळेना, मांडीवर ठेवले, घडी घातली, पुन्हा सोडवली. शेजारची बाई भाजीने भरलेली पिशवी सांभाळत होती तिचा मला हेवा वाटला. वाटेत निदान मोगऱ्याचा गजरा घ्यावा म्हणून थांबले आणि पुढे झाले. नको म्हटलंय ना, मग नको.

तिने दार उघडलं. आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कानात काही नव्हतं, लॅपटॉप मिटलेला होता. स्वयंपाक तिने केला होता. वरण पातळ, भात थोडा चिकट आणि बटाट्याच्या काचऱ्या एका बाजूने लागलेल्या. मी एकही सूचना केली नाही, जीभ चावून गप्प बसले. जेवण बरोबर आम्हा दोघींपुरतं होतं, एक घाससुद्धा उरला नाही. मग ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि ऑफिसातलं सांगायला लागली. कोण शेवटच्या क्षणी काम ढकलतं, रात्रीबेरात्री कसे फोन येतात, नाही म्हटलं तर माणसं कशी तोंडं करतात. मला निम्मं कळलं नाही. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. हातांना अखेर काम मिळालं होतं. निघताना ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात बघू," आणि मी ते 'बघू' घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

त्या पुढच्या रविवारी मी सकाळी आंघोळ करून, साडी नेसून तयार होते. ठरल्याप्रमाणे आधी फोन केला. आईने लेकीला विचारायचं, येऊ का म्हणून! माझ्या आईला हे सांगितलं असतं तर तिने कानांवर हात ठेवले असते. पण विचारलं.

"येऊ का गं?"

तिचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा. "आज नको, आई."

बरं, म्हटलं. ठेवते, म्हटलं.

"थांब, ठेवू नकोस," ती म्हणाली. "रागावू नकोस ना. आज मी फक्त पडून राहणार आहे. आठवडाभर सगळ्यांना हो, हो म्हणून जीव नकोसा झालाय. कुणालाच नाही म्हणता येत नाही मला, आई. तुला तरी म्हणू दे."

मी म्हटलं, "म्हण की. मला नाही म्हणायचं तर कुणाला? झोप आता."

"झोपते," ती म्हणाली आणि खरंच फोन ठेवला.

मी त्या नेसलेल्या साडीतच ओट्याशी उभी राहिले आणि पदर तोंडाला लावून रडले. भेट हुकली म्हणून रडले. ती तिकडे एकटी पडून असेल, उठून काही खाईल न खाईल, मला तिथे असायचं होतं म्हणून रडले. हे आतून आले. मला त्या अवतारात बघून दारातच थांबले.

"नको म्हणाली?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "मलाच म्हणाली."